कोरडी फळी

४ फेब्रुवारी

दारावरचं शेवाळ खरवडता खरवडता हाताची सालटी निघाली. इथे ‘दार’ म्हणजे घराचं नव्हे, बांधातलं. सिमेंटचे दोन खांब, खांबांना समोरासमोर खाचा, आणि खाचांत एकीवर एक रचलेल्या लाकडी फळ्या. फळी घातली की नदीकाठच्या या सखल रानात पाणी चढतं, काढली की नदीत उतरतं. थंडीत झाडं झोपलेली असतात तेव्हा पाणी चढवायचं, म्हणजे बदकं, बगळे, पाणमांजरं सगळ्यांची चंगळ. झाडांना कोंब फुटायच्या आत ते उतरवायचं. या एवढ्याशा कामात माझ्या मामाने उभा जन्म काढला.

कॉलेज सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, “जा मामाकडे. चिखलात हात घातलेस की डोकं थंड होईल.” हात थंड झालेत. प्रयोगशाळेत सरांनी चाळीस पोरांसमोर मला ‘ठोकळा’ म्हटलं, मी ऍप्रन काढून त्यांच्या टेबलावर भिरकावला आणि बाहेर पडलो. आजही तेच करीन.

मामी म्हणते, “याने कॉलेज सोडलं नाही, फेकलं.”

मामा हसला नाही. तो सहसा हसतच नाही.

९ फेब्रुवारी

आज तिच्या नावेत वल्हं मारायचं काम मला मिळालं. मिळालं म्हणजे मी मागून घेतलं.

ती विद्यापीठातून आली आहे, ढोलीत घरटं करणाऱ्या बदकांवर काम करते. इथली माणसं तिला ‘बदकबाई’ म्हणतात. मला ते आवडत नाही. मी तिला काहीच म्हणत नाही. “तुम्ही” म्हणालो तर म्हणाली, “अरे, तुम्ही काय? मी काय तुझी मास्तरीण आहे?”

तेव्हापासून “तू” म्हणायचं आहे आणि तोंडातून निघत नाही.

पाण्यात उभ्या झाडांमधून नाव नेताना आवाज करायचा नसतो. खोडांचे बुंधे घागरीसारखे फुगलेले, त्यांच्यावर जुन्या पुरांच्या रेघा. ओंडक्यावर कासवं ओळीने ऊन खात होती, आम्ही जवळ गेलो तशी एकेक डुबकन आत. तिने बोट ओठांवर ठेवून एका तिरक्या झाडाकडे दाखवलं. इथे त्याला ‘लंगडा’ म्हणतात. वर, पार वर, ढोलीच्या तोंडाशी एक करडं डोकं, डोळ्याभोवती पांढरं कडं. मादी अंड्यांवर बसली आहे.

“पिल्लं निघाली की दुसऱ्याच दिवशी एवढ्या उंचावरून उड्या मारतात,” ती कुजबुजली. “पंख फुटलेले नसताना.”

मी म्हणालो, “मग?”

“मग काय, पडतात. आणि चालायला लागतात.”

मी तिच्याकडेच बघत होतो. नाव लंगड्यावर जाऊन धडकली. मादी उडाली नाही, नशीब. नावेतली मात्र माझ्यावर फिस्कारली.

संध्याकाळी ती मचाणावर चढून फोनवर बोलत होती. तिथेच काय ती रेंज येते. अर्धा तास. मैत्रिणीशी असणार. असं हसून माणूस मैत्रिणीशीच बोलतो.

१४ फेब्रुवारी

मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. उद्या तो आणि मामी शहरात जाणार, आठवडाभर तरी येत नाहीत. दार माझ्यावर.

मामाने बांधावर नेऊन सगळं समजावलं. दर दोन दिवसांनी वरची एक फळी काढायची. आकडा फळीच्या दोन्ही कड्यांत अडकवायचा, दोघांनी ओढल्यासारखं एकट्याने ओढायचं. काढलेली फळी लगेच दोराने बांधून मागच्या डबक्यात सोडायची.

“आणि शेडमधल्या नव्या फळ्यांना हात लावायचा नाही. त्या अजून मुरलेल्या नाहीत.”

“मुरायला ते काय लोणचं आहे?”

“लोणचंच,” मामा म्हणाला. “तुझ्यासारखं.”

मला राग आला. मामाला आलेला दिसला नाही, कारण त्याला दिसतच नाही नीट.

१७ फेब्रुवारी

दोन फळ्या निघाल्या. पाणी उतरताना रान वेगळंच दिसतं. झाडांना ओल्या रेघा सुटतात, पानांचा काळा गाळ उघडा पडतो, त्यात बगळे गुडघे वर करून चालतात, सासुरवाडीला आल्यासारखे जपून.

दुसरी फळी ओढत होतो तेव्हा बाबांचा फोन. “पुन्हा प्रवेश घ्यायचा असेल तर महिनाअखेरपर्यंत सांग.” मी म्हणालो, मरेन पण त्या सरांपुढे उभा राहणार नाही. ते म्हणाले, मर मग. मी फोन ठेवला आणि फळीला लाथ घातली. बांधावरून घरंगळली, डबक्यात सोडायची राहिलेल्या पहिलीला घेऊन गेली, दोन्ही नदीत. बघता बघता वळणाआड.

जाऊ दे. काढलेल्याच होत्या. पुढच्या वर्षी लागतील तेव्हा बघू.

१८ फेब्रुवारी

आज लंगड्याखाली नावेचा तळ चिखलाला घासला. ती वर ढोलीकडे, मग खाली पाण्याकडे बघत म्हणाली, “फारच भरभर उतरतंय रे. अजून पंधरा दिवस राहिलं असतं तर बरं झालं असतं.”

एवढंच. मग दुर्बीण डोळ्याला लावली.

तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. आजही मागितलं नाही, ते खरं. पण म्हणाली तर माझ्याचपाशी.

१९ फेब्रुवारी

घातली.

सकाळी धुकं असं होतं की बांधाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मुरलेल्या फळ्या नदीने नेलेल्या, म्हणून शेडमधली एक नवी उचलली. आधी वाटलं खाचेत मावेल की नाही, पण कसली, लोण्यासारखी गेली. उलट सैलच वाटली. मामाने उगाच बाऊ केला होता. कोरी करकरीत दिसत होती म्हणून वरून चिखल फासला.

दुपारपर्यंत पाणी थांबलं. संध्याकाळी चढायला लागलं.

मी बांधावर बसून शीळ घातली. कुठूनतरी खंड्याने उत्तर दिलं.

२१ फेब्रुवारी

ती म्हणाली, “पाणी चढलं का रे?”

मी म्हणालो, “नदीला फुगवटा असेल.”

“असेल,” ती म्हणाली. खूश वाटली. निदान नाखूश नव्हती.

२३ फेब्रुवारी

मामा आणि मामी आले. मामाच्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात काठी. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आल्या आल्या चहासुद्धा न घेता बांधावर. मी मागे.

“किती काढल्यास?”

“दोन.”

“पाणी तर चढलंय.”

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “कुणीतरी परत घातलीय एक.”

ठरवून नाही बोललो. निघालं.

मामाने काठी पुढे केली आणि वरच्या फळीवर टकटक केली. मग खांबावर टकटक. मग पुन्हा फळीवर. बिचारा, दिसत नाही म्हणून काठीने चाचपतो. बराच वेळ तसाच उभा होता, कान तिरका करून.

“कोणी घातली?”

“मला काय माहीत?”

“काढ मग.”

आता काढली तर पिल्लांचं काय? मी आकडा अडकवला, दात-ओठ खाऊन ओढायचं नाटक केलं. “निघत नाही, मामा.”

“नाही?”

“अजिबात नाही.”

“आठवून बघ,” मामा म्हणाला. फळी कशी निघेल ते आठव, की कोणी घातली ते, काही कळलं नाही. औषधाची गुंगी असेल अजून.

२६ फेब्रुवारी

मामा रोज सकाळी विचारतो, “काही आठवलं?” मी म्हणतो, “काय?” तो म्हणतो, “काही नाही.” मामी ताटात वाढता वाढता थांबते आणि त्याच्याकडे बघते. म्हातारपण.

आज साहेब आले. या क्षेत्राचे मुख्य. जीपमधून उतरले तेच चिडलेले. झाडांच्या फांद्यांवरचे डोळे फुगले आहेत, आठ-दहा दिवसांत पालवी फुटेल, तेव्हा मुळं पाण्याखाली असली तर गुदमरून मरतील. “एक वर्ष नाही, शंभर वर्षांचं रान जाईल!” फळी उपटायला यंत्रवालं पथक पुढच्या पंधरवड्यात येईल म्हणाले, त्याआधी मोकळं नाही.

मग त्यांनी विचारलं, पाणी राहिलं तर फायदा कुणाचा? आणि उत्तरही स्वतःच दिलं. वामवाल्याचा.

वामवाला नदीच्या पलीकडच्या काठावर राहतो. वाम पकडायचे पिंजरे लावतो, त्याला नदीत परवानगी आहे, रानात नाही. पाणी चढलं की वाम रानात शिरतात. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. तो आला, ओलाच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बांधावर उभा राहून खाली फळीकडे बघितलं आणि हसायला लागला.

“साहेब, ज्याने ही घातली त्याला फळीतलं ओ का ठो कळत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी नाही.”

लबाड आहे. हसण्यावारी न्यायचं बघतो. पण त्याने घातलेली नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे तो लबाड असून खरा आहे. साहेब माझ्याकडे वळले. “तू होतास ना इथे? कुणाला पाहिलंस?”

“धुकं होतं,” मी म्हणालो.

हे खरंच आहे. धुकं होतं.

२ मार्च

लिहवत नाही. पण लिहितो.

सकाळी ती धावत आली, “चल, चल, मादी खाली येऊन हाका मारतेय!” आम्ही नाव झाडाआड लावली. मादी लंगड्याखाली पाण्यात गोल फिरत होती, हळू कुक-कुक करत. ढोलीच्या तोंडाशी पिवळा-काळा लोकरीचा गोळा आला. थांबला. आणि सरळ हवेत पाऊल टाकलं.

टप. पाण्यावर.

मग दुसरं, तिसरं, एकावर एक. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मला वाटलं, हे माझं आहे. हे पाणी मी आणलंय. आता सांगावं, नावेतच.

मग पाणी फुटलं. मिशांचा एक थोरला मासा, तोंड पिंपाच्या झाकणाएवढं. शेवटचं पिल्लू नव्हतंच. मादी ओरडली, पिल्लं तिच्यामागे रांगेत पळायला लागली, आणि रांग मागून कमी होत गेली. आवाज नाही काही. नुसती एक गुळणी, पाण्यावर एक वर्तुळ. मी वल्हं आपटलं, ओरडलो, नाव मध्ये घातली. पलीकडच्या उंचवट्यावर मादी चढली तेव्हा मागे दोन होती. फक्त दोन.

तिने मनगट कधी सोडलं ते कळलं नाही.

परतताना ती म्हणाली, आवाज अगदी साधा ठेवून, “एरवी यावेळी खाली चिखल असतो. मऊ पानं. त्यावर पडतात, उठतात, आईमागे चालत जातात. पाणी उतरतं तसे मोठे मासे नदीत जातात ना. यंदा पाणी राहिलं, म्हणून तेही राहिले.”

“पण तूच म्हणालीस—” मी म्हणालो.

“काय?”

“काही नाही.”

पहिल्यांदाच “तू” म्हणालो होतो.

३ मार्च

कुणी उठायच्या आत बांधावर गेलो. आता नाटक नाही. आकडा अडकवला, पाय खांबाला लावले, पाठीतून कळ येईपर्यंत ओढलं. हलली नाही. पहार घातली, तर पहारीने कडेचा लाकडाचा तुकडा उडाला, फळी तिथेच. सिमेंटमध्ये ओतल्यासारखी. ज्या खाचेत लोण्यासारखी गेली होती तिथे आता नखभर फट नाही.

फुगली आहे. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगलं. मुरवायचं म्हणजे काय ते आत्ता कळलं, घ्या. आणि ती बसली आहे सगळ्यात वर. ती निघाल्याशिवाय खालची एक निघणार नाही.

सूर्य वर आला तेव्हा पाहिलं, वाळुंजाच्या फांद्यांच्या टोकांना हिरवं दिसायला लागलंय.

मामा मागे उभा होता. कधीपासून, माहीत नाही.

“निघत नाही?” त्याने विचारलं.

“अजिबात नाही,” मी म्हणालो. त्या दिवशी म्हणालो होतो अगदी तसंच. यावेळी रडू येत होतं.

५ मार्च

साहेबांनी वामवाल्याची नाव जप्त केली. ओढून आणून शेडसमोर उन्हात पालथी घातली. नाव नसेल तर त्याचं पोट कसं चालायचं?

मी गेलो आणि तोंड सोडलं. म्हणालो, पुरावा काय तुमच्याकडे? गरिबाला धरायला अक्कल लागत नाही! जीपमधून फिरणाऱ्यांना पाण्यातलं काय कळतं! अजूनही बरंच काही. साहेबांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. म्हणाले, “असं? मग त्याची नदीतली परवानगीपण रद्द. अजून बोलायचंय?”

मी बोलणार होतो. मामीने बखोटीला धरून आत नेलं.

“काय गं मामी, कुणीतरी बोलायला नको?”

“बोललास की,” मामी म्हणाली. “जे बोलायचं ते सोडून सगळं.”

तिच्याकडे बघवेना. मामीलासुद्धा? छे. तिला कसं कळणार?

८ मार्च

हात सुजलाय, अक्षर वेडंवाकडं येणार.

सकाळी मामाने शेडमधून गिरमिट, करवत आणि दोर काढून माझ्यापुढे ठेवले. पथकाची वाट बघितली तर पालवी फुटून जाईल. फळी मध्येच कापायची. भोकं पाडायची ओळीने, मग करवतीने जोडायची. वरून, खांबांवर टाकलेल्या पायफळीवर पालथं पडून, एक हात पाण्याच्या आत. तुटली की साठलेलं सगळं पाणी एकदम त्या फटीतून धावणार, आणि माणसाला सोबत घेऊन खालच्या दगडांवर आपटणार. म्हणून कमरेला दोर.

“दोर कोण धरणार?” मी विचारलं. मामाला तर काही ओढायची बंदी.

“तो,” मामा म्हणाला.

बांधावर वामवाला बसला होता. पायात काही नाही, तोंडात काडी. नदी कशी पार केली कुणास ठाऊक, नाव तर आमच्याकडे. त्याने दोर घेतला, माझ्या कमरेला गाठ मारली, ओढून बघितली.

“घट्ट?” तो म्हणाला.

“हो.”

“आता सोडला तर?”

मी पायफळीवर पालथा पडलो. 

गिरमिट फिरवत राहिलो. पाणी बर्फासारखं, बोटं लाकडाची की माझी ते समजेना. पहिलं भोक, दुसरं. प्रत्येक भोकातून पाण्याची धार पलीकडे उडायची. वामवाला वरून बोलत होता, अगदी गप्पा मारल्यासारखा, माझ्याशी नाही, मामाशी.

“नदीवरच्या शेंबड्या पोराने घातली असती तरी आधी भिजवली असती. कोरडी फळी खाचेत कोण घालतं? ज्याला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं ऐकलं नाही.”

मामाने काठी दुसऱ्या हातात घेतली.

“तुला तर काठी टेकताच कळलं असेल. कोरड्याचा आवाजच वेगळा.”

“कळलं,” मामा म्हणाला.

माझा हात थांबला.

“थांबू नकोस,” मामा म्हणाला.

“पहिल्या दिवशी कळलं, आणि गप्प बसलास,” वामवाला म्हणाला. “भाचा तुझा, नाव माझी गेली.”

“वाटलं होतं, स्वतः बोलेल.”

“तुझं वाटून झालं, माझं पोट?”

मामाने पट्टीवर हात ठेवला.  मला वाटत होतं की त्याला दिसत नाही. मला वाटत होतं की कुणालाच दिसत नाही.

करवत घातली. खालच्या भोकापर्यंत आलो तेव्हा फळी कण्हली. खरंच कण्हली, माणसासारखी. मामा ओरडला, “हात काढ!” मी काढायच्या आत ती मोडली. माझा हात दोन तुकड्यांच्या मध्ये, पाण्याने खांद्यापासून ओढलं, पायफळी पोटाखालून गेली, तोंडात गाळ, कानात गडगडाट. मी दोराच्या टोकाला लटकत होतो आणि मनात एकच, याने आता सोडावा. सोडला तर त्याचं बरोबर आहे.

दोर ताणला. बांधावर आदळलो. वामवाला माझ्या शेजारी फतकल मारून बसला होता, दोन्ही तळहात सोलवटलेले.

“जड आहेस,” म्हणाला.

तुकडे निघाले, मग खालच्या फळ्या एकामागून एक काढल्या. पाणी दिवसभर गर्जत होतं.

९ मार्च

साहेब आले. रानात गाळ दिसतोय, बगळे परतलेत, कासवं ओंडके शोधत फिरतायत. साहेबांनी माझी पाठ थोपटली. “शाब्बास! जिवावर उदार होऊन केलंस.”

मी म्हणालो, “साहेब, फळी मीच घातली होती.”

ते थांबले. मामाकडे बघितलं, पट्टीकडे, काठीकडे. मग हसले, समजूतदार हसतात तसे.

“अच्छा. म्हणजे दवाखान्यात जाण्याआधी मामांची चूक झाली. नजर गेलेली, चुकीची फळी घातली, आणि भाचा अंगावर घेतोय. परवा वामवाल्यासाठी भांडलास, आज मामासाठी.”

“नाही हो, मी—”

“तो खरं सांगतोय,” मामा म्हणाला.

“मामा-भाचे एकमेकांना वाचवणारच,” साहेब म्हणाले. “मामा, तुमची आता विश्रांतीची वेळ झाली. वाईट वाटून घेऊ नका. वामवाल्याचं बघू, तोही सामील असेलच.”

काय हे? खोटं एका शब्दात पटलं. खरं सांगितलं तर मामाची नोकरी चालली!

तीपण तिथे होती. सामान बांधायला आली होती, उद्या जाणार. साहेब गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, “तू असा असशील असं वाटलं नव्हतं. मला वाटायचं, नुसताच तापट आहेस.” आणि डोळे भरून आले तिचे. माझ्यासाठी.

हेच हवं होतं मला महिनाभर. अगदी हेच.

१० मार्च

तिची गाडी दुपारी होती. मी सकाळी गेलो. खोलीत खोके, दुर्बिणीची पिशवी, आणि दाराशी एक उंचसा तरुण दोऱ्या आवळत होता, मचाणावरच्या फोनमधला असणार. “हाच तो,” ती त्याला म्हणाली, “सांगितलं ना, मामासाठी—” त्याने माझा हात हातात घेतला. दुखरा होता, पण मी काढला नाही.

मी म्हणालो, “एकटीशी बोलायचंय.”

बाहेर आलो. मला नीट बोलता येत नाही, आणि रागावल्याशिवाय तर अजिबात नाही. पण कुणावर रागवायचं?

“मामाने नाही घातली. मीच. मामा शहरात असताना. शपथेवर.”

“अरे, पण का घालशील तू?”

“तू म्हणालीस म्हणून. लंगड्याखाली. पाणी अजून पंधरा दिवस राहिलं असतं तर बरं झालं असतं, म्हणालीस.”

ती आठवत राहिली. कपाळाला आठी घालून खरंच आठवत राहिली. मला वाटतं नावेचा तळ घासत होता म्हणून म्हणाली असेल. चिखलात उतरून चालायचा कंटाळा. आपण नाही का म्हणत, ऊन जरा कमी असतं तर बरं.

“मी म्हणाले?” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तू त्यासाठी...” बोलता बोलता तिला कळलं. कशासाठी, तेही कळलं. चेहऱ्यावर दोन्ही एकदमच आलं, आणि दोन्हींतलं एकही मला बघायचं नव्हतं. मग ती वळून रानाकडे बघत राहिली, जिकडे लंगडा आहे तिकडे.

“दोन राहिली,” ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

“काल मला असं वाटलं की...” तिने वाक्य सोडून दिलं. “साहेबांना पटलं नव्हतं. मला का सांगितलंस? मी तर जातच होते.”

“तुला जे वाटतंय ते खोटं आहे म्हणून.”

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण चप्पल घालून परत आली. “चल,” म्हणाली. वाटभर माझ्यापुढे चालत होती, एकदाही मागे न बघता. साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि सांगितलं, मी रोज नावेत होते, आधी दोन फळ्यांचं पाणी उतरलं आणि मग चढलं, तेव्हा मामा दवाखान्यात होते. आणि याने का घातली तेही सांगितलं. ‘माझ्यासाठी’ असं नाही म्हणाली. म्हणाली, “माझ्या एका वाक्यामुळे.”

साहेबांना पटलं. तिच्या तोंडून आल्यावर लगेच पटलं.

मामाची नोकरी राहिली. वामवाल्याला नाव आणि परवानगी परत. मला रानात पाऊल टाकायची बंदी. फक्त जाण्याआधी त्याची नाव त्याला स्वतः नेऊन द्यायची.

ती तिथूनच गेली. “जाते” म्हणाली नाही. का म्हणावं?

१२ मार्च

मामीने पिशवी भरून दिली. मामा बांधापर्यंत आला. पहिल्यांदा तोच बोलला. “मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. तुला नाही, साहेबांना.” मी म्हणालो, “मामा, झाडं?” तो म्हणाला, “पालवी तर फुटली. पुढच्या वर्षी फुटेल तेव्हा कळेल.”

नाव नदीत लोटली आणि मध्यावर येईस्तोवर पायाला गार लागलं. एवढे दिवस उन्हात पालथी पडून लाकूड आकसलेलं, सांधे उघडलेले. चारीकडून पाणी. एक वल्हं टाकायचं, दोन डबे पाणी उपसायचं, तोवर नाव फिरायची. पलीकडच्या काठावर वामवाला उभा, कमरेवर हात.

“बुडव!” तो ओरडला. “आता तेवढी नाव पण बुडव!”

काठाला लागलो तेव्हा मी मांडीपर्यंत पाण्यात बसलेला. मला वाटलं, आता हाणतो. त्याने नाव तशीच काठाशी पुरती बुडवली, वर दगड ठेवले. चार-पाच दिवस अशीच ठेवायची, लाकूड फुगून सांधे मिटले की मग उपसायची, गळतंय का बघायचं, गळलं तर पुन्हा बुडवायची. तोवर पिंजरे लावता येणार नाहीत. कोरडा धंदा.

मी म्हणालो, उपसायला मी येतो.

त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं, मग नदीपलीकडे, जिकडे मला पाऊल टाकायची बंदी आहे.

“येतो म्हणजे? जायचं कुठंय तुला?” आणि झोपडीकडे चालू लागला.

मी अजून काठावरच बसलो आहे. त्याने ये म्हटलेलं नाही, जा पण म्हटलेलं नाही. दार उघडं ठेवलंय.